बरं करून परत सोडायचं : कोल्हापूरच्या वन्यजीव बचावामागचा इतिहास

उसाच्या फडात बिबट्याचे बछडे सापडले, विहिरीत गवा पडला, मांजात घार अडकली. कोल्हापूर जिल्ह्यात अशा बातम्यांचं आता कुणाला नवल वाटत नाही. वनखात्याला फोन जातो, गावातली प्राणिमित्र पोरं धावतात, आणि जनावर निसर्गात सोडल्याचा फोटो चार दिवसांनी पेपरात येतो. हे सगळं पूर्वीपासून असंच चालत आलंय असं वाटावं, इतकं ते अंगवळणी पडलंय. पण जखमी रानटी जनावराला उचलायचं, बरं करायचं आणि परत सोडून द्यायचं, यातली शेवटची गोष्ट आपल्याकडे फार उशिरा आली. ती कशी आली हे ठाऊक असल्याशिवाय आज या कामात काय अडतंय ते नीट कळत नाही.

संस्थानकाळात रानटी जनावर म्हणजे शिकार किंवा दरबारचं वैभव. दाजीपूरचं रान संस्थानचं शिकारीसाठी राखीव होतं. काळवीट धरायला चित्ते पाळले जात. देशातले चित्ते कमी पडू लागले तसे ते आफ्रिकेतून आणले गेले, आणि असे चित्ते मागवणाऱ्या संस्थानांत भावनगरच्या जोडीला कोल्हापूरचं नाव ठळक आहे. शहरात साठमारी हे एका जागेचं नाव अजून टिकून आहे. तिथे हत्तीला चिथावून मैदानी खेळ व्हायचे. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरलेले वाघ, गवे, अस्वलं आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलीत. त्या काळाला आजच्या मापानं दोष देण्यात अर्थ नाही. उलट शिकारीसाठी का होईना, रान राखलं गेलं म्हणून दाजीपूरचा गवा आपल्यापर्यंत पोचला, हेही मान्य करायला हवं.

दयेची परंपरासुद्धा होती, ती पांजरपोळाची. थकलेली, लंगडी, भाकड जनावरं आणून मरेपर्यंत सांभाळायची, हा जैन आणि गुजराती व्यापाऱ्यांनी जोपासलेला धर्म. कोल्हापुरात पांजरपोळ हे नाव आता औद्योगिक वसाहतीच्या पत्त्यात जास्त ऐकू येतं. ही परंपरा मोठी आहे, पण तिच्या मुळाशी आहे सांभाळणं. गाईला ते मानवतं. रानटी जनावराला माणसाचा सांभाळच घातक ठरतो, हे उमगायला आपल्याला बराच काळ लागला. आजही कुणी जखमी मोर घरी नेतो, हळद लावतो, दाणे घालतो, आणि महिन्याभरानं तो मोर अंगणातून हलतच नाही. हेतू निर्मळ असतो, तरी पक्षी रानाला कायमचा मुकतो.

1949 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. 1951 मध्ये मुंबई राज्यानं वन्य प्राणी व पक्षी संरक्षणाचा कायदा केला आणि 1958 मध्ये दाजीपूर गव्यांसाठी अभयारण्य झालं. राज्यातलं हे पहिलं अभयारण्य. 1985 मध्ये ते वाढवून राधानगरी अभयारण्य झालं, 351 चौरस किलोमीटरचं. पण जनावरांच्या नशिबाला खरी कलाटणी दिली ती 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं. शिकार बंद झाली हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच कायद्याचं कलम 39 मात्र फार कमी लोकांना ठाऊक असतं. त्यानुसार वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता आहे, आणि असं जनावर कुणाच्या ताब्यात आलं तर 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावं लागतं. म्हणजे रस्त्यात सापडलेलं जखमी सायाळ मायेपोटी घरी ठेवणंही कायद्यात बसत नाही. हे कलम कोरडं वाटतं, पण मला ते फार मोलाचं वाटतं. जनावर सापडणाऱ्याच्या मालकीचं नसतं, हा विचार त्यानं कागदावर आणला.

कोल्हापूर जिल्ह्यात या कामाची सुरुवात वाघ-बिबट्यापासून झाली नाही, ती सापापासून झाली. चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत बाबुराव टक्केकर यांनी साठच्या दशकात शाळेतच सर्पशाळा सुरू केली. भातशेतीचा, पावसाचा, दाट झाडीचा हा मुलूख. साप दिसला की काठी उचलायची हाच रिवाज. तिथे शाळकरी मुलं विषारी-बिनविषारी ओळखायला शिकली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार विषारी सापांपासून जपायचं. धामण आणि दिवड मारायचं कारण नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याला नागपंचमीला जिवंत नाग धरून मिरवायची प्रथा पिढ्यान्‌पिढ्या होती. न्यायालयाच्या आदेशांनंतर ती थांबली तेव्हा गावातले नाग पकडण्यात तरबेज हात एकदम रिकामे झाले. ढोलगरवाडीची शिकवण आणि शिराळ्याचं कसब, दोन्हींच्या मधोमध आपल्या भागातला सर्पमित्र उभा राहिला. गावोगाव साप धरून रानात सोडणारी ही मंडळी पगाराशिवाय राबली, आणि वनखात्याला बचावाचं पहिलं मनुष्यबळ त्यांच्यातूनच मिळालं. त्यांतल्या काहींनी गळ्यात नाग घालून फोटो काढण्याचा नाद लावून घेतला, दंश होऊन जीवही गेले. ते दुःख बाजूला ठेवता येत नाही. तरी साप मारायचा नसतो हे घराघरात पोचवण्याचं श्रेय त्यांचंच.

बिबट्याच्या बाबतीत शहाणपण आलं ते जुन्नरकडून, आणि त्याची किंमत माणसांनी मोजली. 2001 नंतरच्या दोन-तीन वर्षांत तिथे बिबटे मोठ्या संख्येनं पिंजऱ्यात धरून दूरच्या जंगलांत सोडले गेले. हल्ले कमी होतील ही अपेक्षा होती, झाले उलटे: धरल्या ठिकाणी आणि सोडल्या ठिकाणी, दोन्हीकडे त्रास वाढला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून कारण पुढे आलं. बिबट्याची हद्द ठरलेली असते. एक जुना नर उचलला की त्याच्या रिकाम्या जागेत दोन नवखे शिरतात, आणि उचललेला परक्या रानात भेदरून भटकतो. 2009 मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या एका बिबट्याला जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं, तर तो शंभर किलोमीटरहून जास्त चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. 2011 मध्ये केंद्र सरकारनं बिबट्यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा गाभा साधा आहे: ऊठसूट पिंजरा लावू नका, आणि सोडायचा असेल तर धरला तिथेच, शक्य तितक्या लवकर सोडा.

आपल्या ऊसपट्ट्यात या सूचनेचा अर्थ दर गळीत हंगामात नव्यानं शिकावा लागतो. फडात बारा-चौदा महिने कुणी आत शिरत नाही. पाणी आहे, सावली आहे, कुत्री-डुकरं आहेत. मादी तिथेच विते. मग कोयता चालू होतो आणि पाचटाखाली मांजराएवढे बछडे दिसतात. पूर्वी ते उचलून प्राणिसंग्रहालयात जात आणि जन्मभर गजाआड राहत. आता रीत वेगळी आहे. तोड त्या टोकाला थांबवायची. बछड्यांना हातमोजे घालून कमीत कमी हाताळायचं, अंगावरचे गोचीड आणि जखमा डॉक्टरांनी बघायच्या. संध्याकाळी त्याच सरीत, सापडले त्या जागी, प्लास्टिकच्या क्रेटखाली ते ठेवायचे. झाकण इतकं हलकं, की आईनं पंजानं सरकवावं. दोन बाजूंना कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोर आलं की आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे, लावायचे आणि माणसांनी लांब निघून जायचं. मादी बहुतेक वेळा अंधार पडल्यावर येते, एकेक करून मानेला धरून नेते. पहिल्या रात्री नाही आली तर दुसऱ्या रात्री परत ठेवायचे. यात औषध जवळजवळ नाही, पिंजरा नाही, खर्चही फारसा नाही. उसतोड टोळीच्या मुकादमानं एका दिवसाची तोड पुढे ढकलली, एवढ्यावर बछड्यांचा सगळा जन्म ठरतो. त्या टोळीचं नाव पेपरात कधी येत नाही, याची मला खंत आहे. (फडात सापडलेली बरीच पिल्लं मुळात रानमांजराची असतात, तेही आधी ताडून बघायला हवं.)

गर्दीचा धडा याहून कडू आहे. जानेवारी 2015 च्या सुरुवातीला कोल्हापूर शहरात रुईकर कॉलनीत बिबट्या शिरला. हजारो लोक जमले, तासन्‌तास धावाधाव झाली, तो धरला गेला आणि मेला. डिसेंबर 2020 मध्ये पुण्यात कोथरूडला आलेल्या गव्याचंही तेच झालं. वर्षभरानं पंचगंगेकाठी गवा आला, त्याच दिवसांत शहराजवळच्या गावात गव्याच्या हल्ल्यात एका तरुणाचा जीव गेला. अशा वेळी लोक म्हणतात, बेशुद्धीचं इंजेक्शन जास्त झालं असेल. पण बहुतेकदा जनावर मरतं ते धावून. जीव घेऊन पळताना स्नायू फाटतात, रक्तात आम्ल चढतं, अंगाचा ताप भडकतो. फाटलेल्या स्नायूंतलं द्रव्य मूत्रपिंडात अडकतं. जखम एकही दिसत नाही आणि जनावर काही तासांनी किंवा दोन दिवसांनी कोसळतं. हरणं, गवे यांच्यात हे फार. म्हणून डोळ्यांवर कापड टाकायचं, आवाज बंद करायचे, सावली करायची, हाच पहिला उपचार. तो करायला डॉक्टर लागत नाही, रस्ता अडवून धरणारे चार पोलीस लागतात.

पुरानंही या कामाला वळण दिलं. 2005, 2019, 2021. ऑगस्ट 2019 मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 43 फूट आहे. तेव्हा माणसं आणि गुरंढोरं काढण्यातच सगळी ताकद गेली, आणि पाणी ओसरल्यावर घराघरातून सापांचे फोन सुरू झाले. आसामात काझीरंगाजवळ पूर ठरलेलाच, म्हणून 2002 मध्येच तिथे वन्यजीव बचाव व पुनर्वसन केंद्र उभं राहिलं. आपल्याकडे तेवढी तयारी पूर आल्यावर होते. राज्यात माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र आणि नागपूरचं उपचार केंद्र यांनी वाट दाखवली, 1926 हा वनखात्याचा हेल्पलाइन क्रमांक आला. तरी चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर आहे, आणि रात्री गाडीत घातलेल्या भेकराला तो प्रवासच जखमेपेक्षा जड जातो.

हत्तींबद्दल लिहिताना हात जपून चालतो. जोतिबाला 2007 मध्ये अर्पण केलेल्या सुंदर हत्तीचा वाद उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2014 मध्ये तो बंगळुरूजवळ बन्नेरघट्ट्याला गेला. जुलै 2025 मध्ये नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानं जामनगरला वनताराकडे नेली, तेव्हा सगळा शिरोळ तालुका रडला आणि हजारो माणसं नांदणीहून कोल्हापूरपर्यंत चालत आली. ती माया खरी होती, यात मला तिळमात्र शंका नाही. साखळी, काँक्रीटची जमीन आणि मिरवणुकांनी हत्तीच्या पायांचं काय होतं हा पशुवैद्यांचा मुद्दाही तितकाच खरा. सांभाळण्याची आपली जुनी परंपरा आणि जनावराच्या गरजेचा नवा विचार इथे थेट समोरासमोर आले. मठाचा हत्ती रानात परत जाऊ शकत नाही, त्यामुळे त्याच्या पुनर्वसनाचा अर्थ बछड्यांच्या पुनर्वसनाहून पूर्ण वेगळा आहे, आणि त्या गदारोळात नेमकं हेच कुणी शांतपणे सांगितलं नाही.

आता उरलंय ते सोडल्यानंतरचं काम. बिबट्याच्या शेपटीच्या कातडीखाली तांदळाएवढी मायक्रोचिप बसवता येते. तो पुन्हा कुठे धरला गेला तर यंत्र फिरवून कळतं की हा कुठला, कधी सोडलेला. पक्ष्याच्या पायात कडं घालता येतं. सोडल्याचा फोटो सगळीकडे छापून येतो, पण महिन्यानं ते जनावर जगलं की नाही याची नोंद क्वचितच ठेवली जाते. प्रत्येक वनपरिक्षेत्रात त्यासाठी एक वही असावी, आणि उन्हाळ्यात विहिरींना कठडे बांधण्याचा खर्च ग्रामपंचायतीच्या आराखड्यात धरला जावा. गवा विहिरीत पडल्यावर क्रेन मागवण्यापेक्षा कठडा स्वस्त पडतो, आणि त्यात जनावराची एकही बरगडी मोडत नाही.