युरोपची ‘टॉप-१६’ : बाराजणांची साखळी बाद कशी झाली

स्वित्झर्लंडमधले माँत्रो हे जिनिव्हा सरोवराकाठचे छोटेसे शहर बहुतेकांना तिथल्या जॅझ महोत्सवामुळे माहीत असते. टेबल टेनिसवाल्यांना ते दुसऱ्याच कारणाने ठाऊक आहे. २०१८ ते २०२५ या काळात, एक २०२१ सोडले, तर युरोपातले निवडक सोळा पुरुष आणि सोळा महिला हिवाळ्यातल्या एका शनिवार-रविवारी ‘टॉप-१६’ स्पर्धेसाठी इथे जमत आले. सामना हरला की बॅग भरायची. चार फेऱ्या, दोन दिवस, रविवारी संध्याकाळी विजेता ठरलेला. आज ही रचना इतकी अंगवळणी पडली आहे की स्पर्धा मुळात याच्या नेमक्या उलट्या तत्त्वावर उभी राहिली होती, हे नव्या प्रेक्षकांना सांगावे लागते.

सुरुवात १९७१ ची, युगोस्लाव्हियातल्या झादर या ॲड्रियाटिक किनाऱ्यावरच्या गावात. त्यामागचे दुखणे मात्र जुने होते आणि त्याची एक खूण मुंबईत सापडते. १९५२ ची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली. तोवर या खेळावर हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकियाची जवळजवळ मक्तेदारी होती. मुंबईत एक जपानी खेळाडू जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरला, त्याच्या फटक्यांचा आवाजच येईना आणि अंतिम सामन्यात हंगेरीचा खेळाडू हरला. पुढची वर्षे जपानची, १९५९ नंतर चीनची. युरोपची अजिंक्यपद स्पर्धा १९५८ पासून होती, पण दोन वर्षांतून एकदा आणि भल्यामोठ्या ड्रॉची. त्यात चांगला खेळाडू पहिल्या तीन फेऱ्या दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळण्यात घालवणार आणि मग एका वाईट दिवशी बाहेर जाणार. आशियाशी टक्कर द्यायची तर आपल्यातल्या उत्तमांना उत्तमांशीच, आणि दरवर्षी, खेळवायला हवे, हा विचार यातून आला. म्हणून फक्त बाराजण. योगायोग असा की त्याच वर्षी जपानमधल्या नागोयाला सांस्कृतिक क्रांतीनंतर चीन जागतिक स्पर्धेत परतला आणि तरीही पुरुष एकेरीचे विजेतेपद अठरा वर्षांच्या एका स्वीडिश मुलाने नेले.

बाराजण म्हटल्यावर पद्धत ठरलेलीच होती : साखळी. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे. म्हणजे प्रत्येकाचे अकरा सामने, पुरुषांचे किंवा महिलांचे एकूण सहासष्ट. इथे मानांकनाचा आडोसा नाही, ड्रॉचे नशीब नाही. बचावात्मक खेळणारा तुम्हाला जड जातो? तो समोर येणारच. डावखुऱ्याची सर्व्हिस वाचता येत नाही? तोही येणारच, बहुधा तुम्ही दमलेले असताना. त्या काळी गेम एकवीस गुणांचा असे हे लक्षात घेतले की अकरा सामन्यांचा अर्थ कळतो. पहिला येणारा खेळाडू सर्वांत तेजस्वी असेलच असे नाही, पण त्याच्या खेळात मोठे भोक नाही एवढे सिद्ध होत असे. बारावा येणाराही अकरा उत्तम सामने पदरात पाडून घरी जाई. तरुण खेळाडूसाठी ती शाळाच होती.

या साखळीची सर्वांत मोठी कमाई स्वीडनच्या एका खेळाडूच्या नावावर आहे. १९८४ पासून १९९६ पर्यंत त्याने ही स्पर्धा सात वेळा जिंकली. हाच खेळाडू १९८९ आणि १९९७ चा जगज्जेता, १९९२ चा ऑलिंपिक विजेता आणि १९८९ ला डॉर्टमुंडमध्ये चीनला हरवणाऱ्या स्वीडिश संघाचा कणा. १९८९, १९९१, १९९३ असे तीन सांघिक जागतिक विजय स्वीडनने ओळीने मिळवले. एकेरीतही त्या तिन्ही वर्षी युरोपियनच जिंकले : दोन स्वीडिश, एक फ्रेंच. त्या चार-पाच वर्षांत युरोपातल्या बाराजणांत पहिला येणे आणि जगात पहिला असणे यांत फार अंतर उरले नव्हते. हा काळ स्पर्धेचा कळस होता आणि तो साखळीच्या मुशीतून आला, असे जुने लोक म्हणतात. मला ते बरेचसे पटते, जरी स्वीडनच्या क्लबांची आणि प्रशिक्षकांची मेहनत त्यात सोयीस्करपणे विसरली जाते.

मग साखळी मोडली का? तिच्या विरोधातला पक्ष काही पोकळ नाही. पहिली तक्रार शेवटच्या दिवसाची. नऊ-दहा फेऱ्यांनंतर विजेता जवळपास ठरलेला असे आणि उरलेले निम्मे सामने कोणालाच नको असत. दुसरी तक्रार गणिताची. तीनजणांचे विजय सारखे झाले की आपसांतले निकाल काढा, गेमांचे गुणोत्तर मांडा. प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाला विजेता कागदावरून कळावा हे विचित्रच. तिसरी तक्रार फारशी उघड बोलली जात नसे : ज्याला स्वतःला काही मिळवायचे उरलेले नाही तो आपल्या देशबांधवाविरुद्ध किती जोर लावेल? आणि चौथी, जी अखेर निर्णायक ठरली, ती दूरचित्रवाणीची. प्रक्षेपण करणाऱ्याला अंतिम सामना हवा असतो, ठरलेल्या वेळी, एका टेबलावर. साखळीत अंतिम सामना नावाची गोष्टच नसते.

बदल एका झटक्यात झाला नाही, आणि म्हणूनच त्यावरचा वाद कधी नीट लढला गेला नाही. आधी बाराजणांचे गट पडले आणि गटांतून बादफेरी आली. २००२ ला रॉटरडॅममध्ये वीस वर्षांच्या एका डावखुऱ्या जर्मन खेळाडूने त्या सात वेळच्या विजेत्याला आणि बेलारूसच्या तेव्हाच्या युरोपीय दादाला हरवून किताब नेला, तेव्हा ही मिश्र पद्धत रुळली होती. वर्षभरात तो जागतिक क्रमवारीत पहिला झाला. मग २०१५ ला बाकूत बाराचे सोळा झाले : चारचे चार गट आणि पुढे उपांत्यपूर्व फेरी. नाव बदलले, मागे ‘कप’ लागला. गोंदोमार, आंतीब अशी ठिकाणे झाली आणि थोड्याच वर्षांत गटही गेले. उरली ती सरळ बादफेरी.

बाराचे सोळा करण्याची जाहीर बाजू होती ती जास्त देशांना संधी देण्याची. ती खोटी नाही. एका देशातून किती खेळाडू यावेत यावर मर्यादा असल्याने जागा वाढल्या की छोट्या देशांचे फावते. पण सोळाची खरी सोय अंकगणिताची आहे. बाराजणांची बादफेरी लावायची तर चौघांना पहिल्या फेरीत बाय, म्हणजे न खेळताच पुढची चाल, द्यावी लागते. सोळा मात्र आठ, चार, दोन असे घरंगळत खाली येतात. आणि सोळाजणांची साखळी? एकशे वीस सामने. म्हणजे आकडा बदलला त्याच दिवशी साखळीचा परतीचा रस्ता बंद झाला होता. पद्धतीवर मतदान न घेता पद्धत बदलण्याची ही नामी युक्ती म्हणायची, जरी ठरवणाऱ्यांच्या मनात तसे होते असे म्हणता येणार नाही.

आजच्या बादफेरीत पुरुषांचे किंवा महिलांचे पंधरा सामने होतात, तिसऱ्या क्रमांकासाठी खेळवले तर सोळा. त्यांत आठजण फक्त एकच सामना खेळून परत जातात. युरोपच्या दुसऱ्या टोकावरून यायचे, तासाभरात हरायचे आणि विमान पकडायचे, यात ‘उत्तमांनी उत्तमांशी खेळावे’ हा मूळ हेतू कितीसा उरतो, हा प्रश्न प्रशिक्षक विचारत असतात. त्यात २००१ पासून गेम अकरा गुणांचा झाला आहे. छोटा गेम आणि एकच संधी, दोन्ही मिळून धक्कादायक निकालांची शक्यता वाढते. बेस्ट ऑफ सेव्हन, म्हणजे सातांपैकी चार गेम जिंकण्याची अट, ठेवून त्यावर थोडा उतारा काढला जातो, इतकेच.

पण निकालांकडे पाहिले तर साखळीवाल्यांची भीती पूर्ण खरी ठरलेली नाही. तोच डावखुरा जर्मन २०१८ मध्ये माँत्रोला जिंकला आणि २०२० ला पुन्हा. त्याचेही सात किताब झाले. मग स्लोव्हेनियाच्या एका खेळाडूने २०२२, २०२३, २०२४ अशी हॅटट्रिक केली. बादफेरी जर नुसती सोडत असती, तर असे झाले नसते. तरीही सात आणि सात सारखे मानायचे का, यावर जाणकारांचे एकमत नाही. एकाचे बरेचसे किताब सगळ्यांशी खेळून आलेले, दुसऱ्याचे गट, बादफेरी आणि नुसती बादफेरी अशा वेगवेगळ्या वाटांनी. नोंदवहीत दोन्ही एकाच रांगेत बसतात.

महिलांच्या गटात पद्धतीची चर्चा कमी आणि माणसांची जास्त झाली. १९९० च्या दशकापासून चीनमध्ये घडलेल्या, मग युरोपीय देशांकडून खेळणाऱ्या खेळाडूंनी इथे वर्चस्व गाजवले. त्यांतली लक्झेंबर्गची खेळाडू १९८३ ला चीनकडून सांघिक आणि मिश्र दुहेरीत जगज्जेती झालेली. १९९८ आणि २००२ ला ती युरोपच्या अजिंक्यपद स्पर्धेची विजेती होती आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एकसष्टाव्या वर्षी तिने सामना जिंकला. देश बदलण्यावर २००८ मध्ये जागतिक स्पर्धांपुरते कडक निर्बंध आले. एकविशी ओलांडल्यावर देश बदलणाऱ्याला जागतिक किताबाच्या स्पर्धा नव्या देशाकडून खेळता येईनात. त्याचा परिणाम हळूहळू खालीही झिरपला. २०१९ आणि २०२० ला सलग जिंकलेली खेळाडू जर्मनीतच घडलेली होती. युरोपच्या या स्पर्धेच्या नावाआधी काही वर्षे एका चिनी बँकेची आद्याक्षरे लागत, हे मात्र कोणाला फारसे खटकले नाही.

अलीकडचे ओझे वेळापत्रकाचे आहे. २०२१ ची स्पर्धा कोविडमुळे लांबून सप्टेंबरात थेस्सलोनिकीला झाली आणि त्याच वर्षी जागतिक पातळीवर नवी व्यावसायिक मालिका सुरू झाली. तिथे पैसा आहे, क्रमवारीचे गुण आहेत आणि जवळपास दर आठवड्याला कुठे ना कुठे स्पर्धा आहे. अशा कॅलेंडरमध्ये अकरा सामन्यांची साखळी मागणे म्हणजे खेळाडूकडे अख्खा आठवडा मागणे. दोन दिवसांची बादफेरी निदान बसते तरी. शिवाय तिला जोडलेले एक आमिष अजून टिकून आहे : वरच्या क्रमांकांना विश्वचषकाचे दार उघडते. विश्वचषक तीन वर्षांच्या खंडानंतर २०२४ ला मकाऊत अठ्ठेचाळीस खेळाडूंसह परतला, तेव्हा त्या वर्षीची माँत्रोची फेरी जानेवारीतच उरकली गेली. पुढच्या वर्षी पुरुषांचा किताब फ्रान्सकडे गेला, तिथल्या दोघा टेबल टेनिसपटू भावांपैकी थोरल्याकडे. धाकट्याच्या गळ्यात तोवर पॅरिसचे एकेरीचे कांस्य पडले होते.