दुखणं थांबवणारी गोळी आणि न वाढणारा स्नायू

बऱ्याच दिवसांनी बैठका मारल्या की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून येतात. खाली बसताना मांडीचा स्नायू ताणलाही जात असतो आणि जोरही लावत असतो. त्यात तंतूंना बारीक इजा होते आणि २४ ते ७२ तासांत दुखणं शिगेला पोचतं. मग आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी घेतली जाते.

ही गोळी कॉक्स हे विकर अडवते, म्हणून प्रोस्टाग्लँडिनं ही दुखणं वाढवणारी रसायनं कमी बनतात आणि ठणका उतरतो. पण त्यांपैकीच ई-२ नावाचं प्रोस्टाग्लँडिन डागडुजीलाही लागतं. प्रत्येक तंतूला बाहेरून चिकटून काही मूळपेशी निपचित पडलेल्या असतात. इजा झाली की ई-२ त्यांना जागं करतं. त्यांची संख्या वाढते आणि त्या दुखावलेल्या तंतूत मिसळून जातात. स्टॅनफर्ड विद्यापीठात हेलन ब्लाऊ यांच्या गटाने २०१७ मध्ये उंदरांवर हे दाखवलं. इजेनंतर वेदनाशामक दिलेल्या उंदरांचे स्नायू ताकदीत मागे पडले.

त्याच वर्षी स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेने १८ ते ३५ वयाच्या निरोगी स्त्री-पुरुषांकडून आठ आठवडे मांडीचा व्यायाम करून घेतला. काहींना रोज १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन, म्हणजे ४०० च्या तीन गोळ्यांइतकी मात्रा. बाकीच्यांना फक्त ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन. एमआरआयमध्ये मांडीच्या स्नायूची वाढ ॲस्पिरिनवाल्यांत ७.५ टक्के, आयबुप्रोफेनवाल्यांत ३.७ टक्के दिसली. स्नायू झिजला नाही, वाढ मात्र निम्म्यावर आली. हा फरक नीट लक्षात घ्यायला हवा.

शिवाय वय बदललं की चित्र उलटतं. साठीपुढच्या लोकांच्या २०११ मधल्या अभ्यासात, १२ आठवड्यांच्या व्यायामासोबत तेवढीच आयबुप्रोफेन घेणाऱ्यांचे स्नायू नुसती बनावट गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त वाढले. उतारवयात शरीरात सतत धुमसणारा दाह स्नायू पोखरतो. तो शमल्याचा हा फायदा असावा.

तेव्हा एखाद्या दिवशी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅमची धास्ती नको. तरुणांनी टाळायची ती रोजची सवय आणि 'दुखू नये म्हणून' व्यायामाआधीच घेतलेली गोळी. घाम जाऊन शरीरातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा प्रोस्टाग्लँडिनंच टिकवतात, तीच ही गोळी कमी करते. अंगदुखीला हलकं चालणं पुरतं. संधिवातासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र मनाने बंद करू नये. आणि व्यायामानंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, हातपाय लुळे वाटले, तर गोळी न घेता तडक दवाखाना गाठावा: स्नायू फुटून त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडात उतरत असण्याची शक्यता असते.