मगर (कोकणातील)

कोकणच्या नद्यांत आणि खाड्यांच्या वरच्या अंगाला राहणारा मोठा सरपटणारा प्राणी. शास्त्रीय नाव क्रोकोडायलस पालुस्ट्रिस. यातल्या 'पालुस्ट्रिस'चा अर्थ दलदलीतला. भारतात मगरींच्या गणात तीन जाती आहेत : ही दलदली मगर, खाऱ्या पाण्यातली मगर आणि लांब, निमुळत्या जबड्याचं घडियाल. खाऱ्या पाण्यातली मगर भितरकनिका (ओडिशा), सुंदरबन आणि अंदमान-निकोबारकडची. खाडीत मगर दिसली की बातमीत तिला 'खाऱ्या पाण्यातली' म्हणून मोकळं होतात, ते चूक आहे. बोलण्यात मात्र मगर आणि सुसर हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात आणि त्यावरून कुणाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

महाडजवळची सावित्री, चिपळूणची वाशिष्ठी आणि खेडची जगबुडी ही तिची ओळखीची ठिकाणं. मुंबईत ती पवई, तुळशी, विहार या तलावांत आहे, तर गोव्यात मांडवी आणि जुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात. कोकणातली नदी आखूड. सह्याद्रीवरून धाडकन उतरते, थोडं अंतर सपाटीवर चालते आणि लगेच तिला भरती येऊन भिडते. उन्हाळ्यात बहुतेक नद्यांचे वरचे भाग आटतात, डोह तेवढे उरतात. वाशिष्ठीचं वेगळं आहे. कोयनेच्या वीजघरांतून सुटणारं पाणी तिला बारमाही मिळतं, त्यामुळे मे महिन्यातही तिच्यात गोडं पाणी वाहत असतं.

मूळची गोड्या पाण्यातली ही जात भरतीच्या पट्ट्यात टिकते कशी, याचं उत्तर तिच्या जिभेवर आहे. क्रोकोडायलस वंशातल्या मगरींच्या जिभेवर बारीक छिद्रं असतात. आतल्या ग्रंथी रक्तातलं जादा मीठ गाळून या छिद्रांवाटे बाहेर टाकतात. दक्षिण अमेरिकेतले मगरीसारखे दिसणारे केमन आणि त्यांचे भाऊबंद ॲलिगेटर यांच्या जिभेवरच्या ग्रंथी या कामाच्या नाहीत, म्हणून ते खाऱ्या पाण्यात फार दिवस काढू शकत नाहीत. मगर आणि केमन यांच्यातला आणखी एक फरक लांबूनही कळतो. मगरीचं तोंड मिटलेलं असताना खालच्या जबड्याचा चौथा दात बाहेर दिसतो. केमनचा तो वरच्या जबड्यातल्या खाचेत जाऊन लपतो. आपल्या मगरीचं मुस्कट मात्र तिच्या वंशात सगळ्यांत रुंद, त्यामुळे नवख्याला ती ॲलिगेटरसारखीच वाटते.

मराठीने या प्राण्यावर दोन शब्दप्रयोग बेतले आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही गमतीचे आहेत. 'सुसरबाई, तुझी पाठ मऊ' हे खुशामतीचं बोलणं. खरी पाठ हाडांच्या चकत्यांनी मढवलेली असते, म्हणून तर ती खुशामत. या चकत्यांत रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, त्यामुळे उन्हात पडलं की ऊब लवकर भिनते. दुसरी 'मगरमिठी'. ही मिठी हातांची नाही, जबड्याची. जबडा मिटणारे स्नायू प्रचंड ताकदीचे, उघडणारे अगदीच लेचेपेचे. त्यामुळे गावात आलेली मगर पकडताना आधी तोंडाला फास टाकतात. एकदा दोरी किंवा चिकटपट्टी बसली की तोंड उघडणं तिच्या आवाक्याबाहेरचं. शेपटीचा फटका मात्र सांभाळावा लागतो.

ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाच्या बांधावर सकाळी मगरी उन्हाला येतात. ऊन चढलं की तोंड वासून पडतात, ते डोकं तापू नये म्हणून. भुकेशी त्याचा संबंध नाही. होडी जवळ आली की पोटावर घसरत पाण्यात जातात आणि मागे चिखलात गुळगुळीत पन्हळ उरते, दोन्ही बाजूंना नख्यांचे ओरखडे. रात्री विजेरीच्या झोतात डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. खाणं मासे, खेकडे, बेडूक, पाणपक्षी, जमलं तर कुत्रं किंवा करडू. थंड रक्तामुळे गरज कमी, त्यामुळे पोट भरलं की कित्येक दिवस तिला काही लागत नाही.

मादी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पाण्याच्या पातळीवरच्या कोरड्या काठात खड्डा उकरून साधारण २५ ते ३० अंडी घालते आणि माती लोटून बुजवते. पिल्लू नर की मादी, हे मातीची ऊब ठरवते : सुमारे ३२.५ अंश सेल्सिअसला बहुतेक नर, ३१ किंवा त्याखाली माद्या. दोनेक महिन्यांनी, पावसाच्या तोंडाशी, पिल्लं अंड्यातूनच कुईकुई करू लागतात. आवाज ऐकून आई खड्डा उकरते आणि पिल्लांना जबड्यात घेऊन पाण्यात सोडते. या जातीत बापही पिल्लं वाहून नेताना पाहिला गेला आहे. एवढं करूनही घोरपडी, मुंगूस, रानडुकरं अंड्यांवर आणि बगळे पिल्लांवर ताव मारतात. माणसाने केलेलं नुकसान याहून मोठं आहे. काठाची वाळू उपसली की अंडी घालायला जागाच उरत नाही.

पावसाळ्यात नदी फुगली की मगरी पात्र सोडून ओढे, गटारं, शेतं अशा वाटांनी हिंडतात. २०२४ च्या पावसाळ्यात चिपळूणच्या रस्त्यावरून रात्री चाललेली मगर साऱ्या देशाने मोबाइलवर पाहिली. चिपळूणकरांना त्यात नवल कमी होतं. पुलावरून कोंबडीच्या दुकानांतला टाकाऊ माल नदीत फेकला की मगरी त्या जागेला सोकावतात आणि पुढे त्याच पाणवठ्यावर धुणं धुणाऱ्या बायकांच्या जिवाला घोर लागतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मगर पहिल्या परिशिष्टात आहे. तिला मारणं, पकडणं किंवा अंडी उचलणं गुन्हा आहे, त्यामुळे ती अंगणात आली तर वनखात्यालाच बोलवावं लागतं.

गोव्यात खाजण शेतीच्या, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतांच्या काठी वेगळं नातं दिसतं. कोकणीत मगरीला मानगे म्हणतात. पौष अमावास्येला फोंडा तालुक्यात दुर्भाटच्या बाजूचे गावडे लोक शेताच्या बांधाजवळ चिखलाची मगर थापतात, अंगावर खवल्यांच्या जागी शिंपल्या खोचतात आणि हळदकुंकू वाहून पूजा करतात. भरतीचं खारं पाणी बांध फोडून भातात शिरू नये, ही मागणी त्या मानग्यालाच घातलेली असते.