चार तारा, जमिनीपासून वर

हौशी रेडिओ केंद्रासाठी ७ मेगाहर्ट्झचा उभा अँटेना बांधायचा तर सुमारे १० मीटर उंच धातूची नळी पुरते. ४२ मीटरच्या लहरीचा तो पाव भाग. पण हा अँटेना अर्धाच असतो. नळीतल्या प्रवाहाला परतीची वाट हवी, आणि ती मातीतून गेली की ऊर्जा तिथेच उष्णतेत जिरते. अशा नळीचा प्रारण-रोध, म्हणजे लहरी बनून बाहेर पडणारी ऊर्जा ज्या रोधाने मोजतात तो, साधारण ३६ ओहम. मातीतला व्ययही तेवढाच निघाला, तर १०० वॉटपैकी ५० वॉट जमीन तापवण्यात जातात.

यावर जुना उपाय म्हणजे नळीच्या पायथ्यापासून चहूबाजूंना जमिनीत तारा पुरणे. १९३७ साली आरसीए या अमेरिकन रेडिओ कंपनीच्या ब्राउन, लुइस आणि एप्स्टाइन यांनी मोजमापं प्रसिद्ध केली आणि मध्यमलहरी केंद्रांत १२० तारा पुरण्याचा पायंडा पडला. हौशी माणसाने एवढं तांबं आणायचं कुठून? मुरमाड जमीन असेल तर खणणंही नको होतं.

१९८८ मध्ये हौशी रेडिओवाले अल ख्रिस्टमन यांनी संगणकावरच्या प्रतिमानातून दाखवलं की, जमिनीपासून वर ताणलेल्या चारच तारा त्या १२० तारांच्या तोडीस तोड ठरू शकतात. पुढे रूडी सेव्हर्न्स या दुसऱ्या हौशी रेडिओवाल्यांनी प्रत्यक्ष मोजून पाहिलं, तेव्हा सुमारे १.२ मीटर उंचीवरच्या चार तारा जमिनीवर पसरलेल्या ६४ तारांच्या जवळपास बरोबरीने निघाल्या. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे छोट्या अंगणातही चांगला उभा अँटेना शक्य होतो.

कारण सरळ आहे. हवेतली पाव-लहर लांबीची तार अनुनादात असते, म्हणजे त्या लहरीशी सूर जुळलेली असते, त्यामुळे नळीच्या पायथ्याशी ती प्रवाहाला अगदी कमी रोधाची वाट देते. नळीभोवतीचं विद्युतक्षेत्र बरंचसं मातीऐवजी तारांवरच संपतं. पुरलेली तार मात्र मातीला चिकटून अनुनाद गमावते, म्हणून तिथे संख्या वाढवावी लागते.

पण थोड्या तारा म्हणजे नेमकेपणा आला. चारही तारा सारख्या लांबीच्या आणि समोरासमोर हव्यात, नाहीतर एकीत जास्त प्रवाह जातो, दुसरीत कमी. कोॲक्सच्या, म्हणजे रेडिओपासून अँटेनापर्यंत येणाऱ्या केबलच्या, बाहेरच्या जाळीला पाचवी तार होऊ द्यायचं नाही. त्यासाठी पायथ्याशी फेराइट कड्यांचा चोक, म्हणजे जाळीवरचा प्रवाह अडवणारा अडसर, लागतोच. तारा तिरप्या उतरवल्या तर अँटेनाचा रोध केबलच्या ५० ओहमकडे सरकतो आणि दोघांची जुळणी सोपी होते.

तारेच्या टोकाशी व्होल्टता सर्वाधिक असते. प्रसारण चालू असताना तिथे धरलेला निऑन दिवा जोडणीशिवाय उजळतो. उघड्या टोकाला हात लागला तर भाजतं. म्हणून टोकाला इन्सुलेटर आणि नायलॉनची दोरी बांधावी, आणि तारा शक्यतो डोक्यावरून जातील इतक्या उंच ताणाव्यात.

लांबवरच्या जमिनीपुढे मात्र या तारांचं काही चालत नाही. क्षितिजालगतच्या कोनात जाणारी लहर अँटेनापासून दूरच्या मातीवरून परावर्तित होते, त्यामुळे खाऱ्या पाण्याजवळच्या अँटेनाला खडकाळ माळावरच्या अँटेनापेक्षा दूरचं ठिकाण सहज गाठता येतं.