टू-स्पिरिट कला

उत्तर अमेरिकेतील आदिवासी समाजांतील समलिंगी, तसेच स्त्री-पुरुष या चौकटीत न मावणाऱ्या कलावंतांची निर्मिती. ‘टू-स्पिरिट’ ही संज्ञा १९९० मध्ये कॅनडातील विनिपेगजवळच्या मेळाव्यात स्वीकारली गेली आणि मानववंशशास्त्रात रुळलेली ‘बर्दाश’ ही अवमानकारक संज्ञा मागे पडली. झुनी जमातीतील ल्हामाना, नॅव्हाहो जमातीतील नाडलेही, लकोटा जमातीतील विंक्टे या स्त्री-पुरुष चौकटीबाहेरच्या सामाजिक भूमिका त्याहून पुष्कळ जुन्या आहेत. त्यांना एकाच साच्यात बसवणे योग्य नव्हे.

झुनी ल्हामाना वीवा (१८४९–९६) विणकर व कुंभार होती. १८८६ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन तिने आपले विणकाम दाखवले. होस्टीन क्लाह (१८६७–१९३७) हा नॅव्हाहो नाडलेही अधिक महत्त्वाचा ठरतो. नॅव्हाहोंत विणकाम प्रामुख्याने स्त्रियांचे, तर विधिगायन बहुतांशी पुरुषांचे. क्लाहने दोन्ही आत्मसात केले. विधीतील वाळूचित्र रांगोळीसारखे चिमटीतून रंग सोडून जमिनीवर काढतात आणि विधी संपताच पुसतात. क्लाहने तीच चित्रे मोठ्या मागावर, न रंगवलेल्या तपकिरी लोकरीच्या पार्श्वभूमीवर विणली. असे पहिले विणकाम सामान्यतः १९१९ च्या सुमाराचे मानतात. विधीतील देवतांच्या आकृती त्याने त्याआधीही विणल्याचे सांगितले जाते. पवित्र चित्र कायम राखण्यास समाजातून तीव्र विरोध झाला. क्लाह नाडलेही कसा ठरला, याविषयी मतभेद आहेत. काही चरित्रपर लेखनात जन्मजात शरीररचना, तर काहींत बालपणी झालेली इजा हे कारण दिले आहे. या कथा परस्परांशी जुळत नाहीत. त्याचे काम व विधिज्ञान यांवरून ही भूमिका ओळखली गेली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अमेरिकी संग्राहक मेरी कॅबट व्हीलराइट यांच्यासह त्याने सँटा फे येथे उभारलेल्या संग्रहालयाने १९७७ मध्ये विधिवस्तूंच्या पवित्र पोतड्या नॅव्हाहोंना परत केल्या. ही परतफेड न्याय्यच होती.

गे अमेरिकन इंडियन्स ही संघटना १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे स्थापन झाली. चित्रफितीच्या माध्यमात कॅनडातील क्री जमातीचे कलावंत टी. जे. कटहँड १९९५ पासून कार्यरत आहेत. क्री चित्रकार केंट मंकमन यांची दोन भव्य चित्रे २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या प्रवेशदालनात लागली. युरोपीय इतिहासचित्रांची शैली त्यांनी वसाहतवादावरच उलटवली आहे. कॅनडातील वोलास्तोकी जमातीचे गायक जेरेमी डचर यांनी विसाव्या शतकारंभी मेणाच्या नळ्यांवर ध्वनिमुद्रित झालेली पूर्वजांची गाणी संग्रहालयात ऐकून नव्याने रचली. त्या गीतसंग्रहास २०१८ चा पोलारिस हा कॅनडातील संगीत पुरस्कार मिळाला.