‘नी म्हणजे गुडघा’ : इंग्रजीतील मुक्या ‘के’मागचा इतिहास

गोव्यातील मराठी प्राथमिक शाळांत शिकलेल्या माझ्या पिढीने इंग्रजीचे पहिले शब्द घोकून पाठ केले. ‘के-एन-ई-ई नी, नी म्हणजे गुडघा, के-एन-आय-एफ-ई नाइफ, नाइफ म्हणजे सुरी, के-एन-ओ-टी नॉट, नॉट म्हणजे गाठ’ असा एका सुरातला गजर डिचोली तालुक्यातील आमच्या वर्गातून रस्त्यापर्यंत ऐकू जाई. ‘के’ लिहायचा पण म्हणायचा नाही, एवढाच नियम सांगितला जाई आणि कारण विचारणाऱ्याला ‘इंग्रजांची पद्धतच तशी’ असे उत्तर मिळे. त्या ‘के’ला कारण आहे, आणि ते शोधत गेल्यास वाट इंग्लंडमधून निघून गोव्यावरून थेट मराठीतल्या ‘ज्ञ’पर्यंत येते.

‘के-एन’ने सुरू होणाऱ्या छोट्या इंग्रजी शब्दांपैकी बरेचसे त्या भाषेच्या सर्वांत जुन्या थरातले आहेत. गुडघा, गाठ, जाणणे, कणीक मळणे, दारावर ठोठावणे, मृत्युघंटा वाजवणे या अर्थांचे शब्द सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत होते आणि त्यांतील पहिले व्यंजन तेव्हा स्पष्ट उच्चारले जाई. गुडघ्याला ‘क्नेओ’, गाठीला ‘क्नोत्ता’ आणि जाणण्याला ‘क्नावान’ म्हणत. सुरीचा ‘नाइफ’ मात्र थोडा उशिराचा पाहुणा आहे. तो उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंग लोकांच्या ‘क्नीव्र्’ या शब्दावरून आला. त्या काळी हा उच्चार लिहिण्यासाठी ‘के’ नव्हे, तर ‘सी’ हे अक्षर वापरीत. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर लेखनावर फ्रेंच वळण चढले. फ्रेंचमध्ये काही स्वरांपूर्वी ‘सी’चा उच्चार ‘स’ होत असल्यामुळे गोंधळ टाळण्यासाठी लेखनिक अशा ठिकाणी ‘के’ लिहू लागले. म्हणजे आज मुका दिसणारा हा ‘के’ उच्चार नीट कळावा म्हणूनच आणलेला होता.

शब्दारंभीची जोडाक्षरे सोपी करण्याची इंग्रजीची खोड त्याहून जुनी आहे. अंगठीच्या ‘रिंग’चे मूळ रूप ‘ह्रिंग’, पावाच्या ‘लोफ’चे ‘ह्लाफ’ आणि कवचीच्या फळाच्या ‘नट’चे ‘ह्नुतु’ असे होते. या शब्दांतला ‘ह’ इतक्या लवकर गळाला की छपाईच्या काळापर्यंत लेखनातही त्याचा मागमूस उरला नव्हता. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टर येथे छापखाना काढला, तेव्हा ‘ह’ गेलेला होता आणि ‘क’ अजून जिभेवर होता. छापखान्यांमुळे शब्दांची रूपे हळूहळू ठरत गेली, ‘के’ त्यांत पक्का बसला, आणि त्यानंतर साधारण सतराव्या शतकात व अठराव्याच्या आरंभी तो उच्चारातून नाहीसा झाला. लेखन आधी गोठले, उच्चार नंतर बदलला, एवढेच या विसंगतीचे कारण आहे. कुरतडणे या अर्थाच्या ‘नॉ’मधला ‘जी’ आणि ‘राँग’, ‘रिस्ट’, लिहिण्याचा ‘राइट’ या शब्दांच्या आरंभीचा ‘डब्ल्यू’ यांचीही तीच गत झाली. जर्मन माणूस मात्र गुडघ्याला आजही ‘क्नी’च म्हणतो.

गोव्यातील वाचकाला इथे एक तारीख आठवावी. लिस्बनहून निघालेला थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात पोहोचला. हा पाद्री विल्टशायरचा. पुढे सुमारे चाळीस वर्षे तो इथेच, मुख्यतः साष्टीत राहिला आणि १६१९ साली इथेच वारला. ओवीछंदातले त्याचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली छापून निघाले, तेही रोमन लिपीत. तो इंग्लंड सोडून निघाला तेव्हा सुशिक्षित इंग्रज माणूस गुडघ्याचा ‘नी’ आणि जाणण्याचा ‘नो’ या शब्दांतला ‘क’ म्हणत असे. तेव्हा गोव्याच्या भूमीवर ज्या पहिल्या इंग्रजांची बोली ऐकू आली, त्यांच्या तोंडी गुडघा ‘क्नी’च असणार. पाचवीतला एखादा मुलगा पहिल्याच दिवशी अक्षराला अक्षर लावून ‘क्नी’ असे वाचतो आणि वर्ग हसतो, तेव्हा त्याची चूक फार तर साडेतीनशे वर्षांची असते. मुंबईकडून शाळांतून आलेले आणि १९६१ नंतर गोव्यात झपाट्याने पसरलेले इंग्रजी ‘क’ टाकून बसलेले होते. आमच्या कानांवर पडले ते हेच.

स्टीफन्सचे नाव दुसऱ्याही कारणाने या विषयाशी जोडलेले आहे. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी असल्याचे नमूद केले. त्याच दशकात फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर वावरत होता. संस्कृतमधले ‘देव’, ‘सर्प’, ‘सप्त’, ‘नव’ हे शब्द इटालियन शब्दांशी जुळतात असे त्यानेही मायदेशी लिहून कळवले. १५८८ साली तो गोव्यातच मरण पावला. या दोघांच्या पत्रांकडे त्या काळी विद्वानांचे लक्ष गेले नाही. विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्यात हीच गोष्ट जाहीर व्याख्यानात मांडली, तिथून भाषांच्या कुळाची चर्चा सुरू झाली असे आपण वाचतो. गोव्यातल्या निरीक्षणाला दोनशे वर्षे आधीची तारीख आहे, हे इथे नोंदवण्याचा मोह आवरत नाही.

पुढे डेन्मार्कच्या रास्कने १८१८ साली आणि जर्मनीच्या याकोब ग्रिमने १८२२ साली व्यंजनांच्या बदलांतली नियमितता दाखवली. तिच्यातील एक कलम आपल्या ‘के’चा उलगडा करते. या साऱ्या भाषा ज्या एका मूळ भाषेतून निघाल्या, तिच्यातील एका विशिष्ट ‘ग’च्या जागी लॅटिन आणि ग्रीकमध्ये ‘ग’ राहिला, संस्कृतमध्ये त्याचा ‘ज’ झाला आणि इंग्रजी-जर्मनच्या शाखेत ‘क’ झाला. म्हणून गुडघ्याला संस्कृतमध्ये ‘जानु’, लॅटिनमध्ये ‘गेनु’ आणि इंग्रजीत ‘क्नी’. ज्याचे हात गुडघ्यांपर्यंत पोहोचतात त्याला आपण आजानुबाहू म्हणतो, तेव्हा त्या शब्दात इंग्रजी ‘नी’चा सख्खा भाऊ बसलेला असतो. जाणण्याचा ‘नो’ हा ‘ज्ञा’ धातूचा भाऊ. नातलग या अर्थाचा ‘किन’ हा ‘जन’चा. पोर्तुगीजमध्ये हीच तीन मुळे गुडघ्याच्या ‘जुएल्यु’, ओळखण्याच्या ‘कोन्येसेर’ आणि लोक या अर्थाच्या ‘जेंति’ या शब्दांत सापडतात. ज्या गोमंतकीय घरांत आजोबा पोर्तुगीज, वडील मराठी आणि नातवंडे इंग्रजी शाळेत शिकली, तिथे एकाच मुळाची तीन रूपे एका छपराखाली नांदत होती.

मात्र ‘क’ गाळणाऱ्या इंग्रजांना हसण्याचा अधिकार मराठी माणसाला फारसा नाही. ‘ज्ञ’ या जोडाक्षराचे प्राकृतात जे झाले ते अगदी ‘नो’सारखेच आहे : आधीचा ‘ज’ गळाला आणि अनुनासिक तेवढे उरले. राज्ञीची राणी झाली. आज्ञेची आण झाली, म्हणजे आपण शपथेला घालतो ती. विज्ञप्तीची विनंती झाली आणि सज्ञानाचा शहाणा झाला. ‘राणी’ म्हणताना कुणाला ‘ज’ हरवल्याची चुटपुट लागत नाही, कारण प्राकृताने उच्चाराबरोबर लेखनही बदलले. इंग्रजीने ते बदलले नाही, म्हणून तिथली पडझड उघड्यावर राहिली.

दोन व्यंजनांच्या मध्ये स्वर आला की मात्र पहिले व्यंजन वाचते, आणि ही गोष्ट दोन्हीकडे सारखी दिसते. संस्कृत ‘जानाति’मध्ये ‘ज’ आणि ‘न’ यांच्यामध्ये ‘आ’ आहे, म्हणून मराठीत जाणणे, जाण, जाणता, जाणीव हे सारे शब्द ‘ज’सह सुखरूप राहिले. इंग्रजीत ‘नो’चा ‘क’ गेला, पण त्याच मुळाचा ‘कॅन’ टिकला. ‘कॅन’चा जुना अर्थ ‘कसे करायचे ते जाणणे’ असा होता, आणि पोर्तुगीज माणूस ‘मला पोहता येते’ हे सांगताना आजही ‘मी पोहणे जाणतो’ असेच म्हणतो. १०१६ साली इंग्लंडच्या गादीवर बसलेल्या डॅनिश राजाचे नाव ‘क्नूट’, म्हणजे गाठ. पुढच्या इंग्रजांनी मध्ये स्वर घालून त्याचा ‘कॅन्यूट’ केला, म्हणून त्याचा ‘क’ अजून ऐकू येतो. सुरीच्या शब्दाचेही असेच झाले. जर्मेनिक भाषांतला हा शब्द फ्रान्सच्या बाजूला गेला तेव्हा तिथल्या जिभेला ‘क्न’ झेपला नाही. मध्ये ‘अ’ शिरला आणि त्याच कुळातून पोर्तुगीजमधला खिशातल्या चाकूचा ‘कानिव्हेति’ निघाला. आपण ‘स्टेशन’चे ‘इस्टेशन’ करतो, तसाच हा प्रकार.

अर्थांकडे वळल्यास एक मोहात पाडणारी गोष्ट दिसते. ‘नॉट’ म्हणजे गाठ, ‘नॉब’ म्हणजे मूठ किंवा गोळा, ‘नकल’ म्हणजे बोटाचा पुढे आलेला सांधा, ‘नोल’ म्हणजे टेकाड आणि ‘नीड’ म्हणजे कणीक मळून तिचा गोळा करणे. या सगळ्यांत काहीतरी दाबून, आवळून, फुगीर झालेले आहे. ‘निट’ या शब्दाने आज लोकरीचे विणकाम आठवते. पूर्वी त्याचा अर्थ गाठ मारणे असाच होता आणि तो ‘नॉट’पासूनच बनलेला आहे. एकाच अक्षरजोडीभोवती एकच अर्थछटा गोळा होण्याचा हा प्रकार जॉन वॉलिसने १६५३ साली आपल्या इंग्रजी व्याकरणात नोंदवला होता. ‘एस-एन’ने नाकाशी संबंधित शब्द सुरू होतात (शिंक, घोरणे, हुंगणे, शेंबूड या अर्थांचे) आणि ‘जी-एल’ने चकाकीचे. अशा ध्वनिगटांसाठी १९३० साली ‘फोनेस्थीम’ हा शब्द घडवणारा जे. आर. फर्थ त्याआधी लाहोरला इंग्रजीचा प्राध्यापक होता.

तरीही सावध राहावे लागते. गुडघ्याचा ‘नी’ फुगीर असला, तरी तो ‘जानु’च्या घराण्यातला आहे आणि जाणण्याच्या ‘नो’शी त्याचे अक्षरांपलीकडे नाते सिद्ध होत नाही. दोन अक्षरे सारखी दिसली की अर्थही एकच असणार, ही समजूत मुलांना शब्द पाठ करण्यापुरती कामाची. तिच्यावर व्युत्पत्ती उभारू नये. आपल्याकडे गाठ, गाठोडे आणि ‘ग्रंथ’ यांचे नाते मात्र खरे आहे. सुटी पाने दोऱ्याने ओवून बांधली की ग्रंथ होतो, आणि ‘ग्रंथि’ची गाठ होते.

‘के’ने सुरू होणाऱ्या ‘नाइट’ आणि ‘नेव्ह’ या जोडीचा इतिहास तर माणसांच्या नशिबासारखा आहे. दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ मुलगा, पोऱ्या. पहिला शब्द हरकाम्या पोऱ्यापासून सरदाराच्या पदरच्या शिपायापर्यंत आणि तिथून राजाने ‘सर’ किताब द्यावा अशा वीरापर्यंत चढत गेला. दुसरा घरगड्यावरून लबाड, हलकट माणसापर्यंत उतरला. मराठीत ‘साहस’ असेच वर चढले : संस्कृतमध्ये ते बेफाम, दंडनीय कृत्य होते, आज ते शौर्य आहे. ‘पाखंड’ खाली आले. अशोकाच्या शिलालेखांत त्याचे प्राकृत रूप कोणत्याही पंथासाठी आदराने वापरलेले आहे. आणि लहानपणी आपण सगळ्यांनी घातलेली ‘निकर’ही याच मुक्या ‘के’च्या गोतावळ्यातली. न्यूयॉर्कच्या जुन्या डच वस्तीतल्या निकरबॉकर या आडनावावरून गुडघ्यापर्यंतच्या विजारीला ते नाव पडले. डच लोक आपल्या भाषेत हा ‘क’ आजही उच्चारतात. आमच्या शिंप्यापर्यंत तो पोहोचला नाही.

लेखनात राहिलेली आणि जिभेवरून गेलेली अक्षरे मराठीतही आहेत. ‘ज्ञ’ हे लिपीत ‘ज’ आणि ‘ञ’ यांचे जोडाक्षर आहे, पण मराठी माणूस त्याचा उच्चार ‘द्न्य’ करतो, हिंदी भाषक ‘ग्य’ करतो, आणि अक्षराप्रमाणे सहसा कुणी करत नाही. ज्ञानेश्वर नावाचा मुलगा इंग्रजीत सही करताना ‘डी-एन-वाय’ असे लिहितो, तेव्हा तो लिपी सोडून कानाचे ऐकत असतो. जुन्या मराठीत ‘नांव’, ‘पांच’, ‘केलें’ यांवर न उच्चारले जाणारे अनुस्वार असत. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या शुद्धलेखन नियमांनी ते काढून टाकले. इंग्रजीला असे कोणी महामंडळ कधी लाभले नाही.

गोव्यातल्या पाट्यांवर मात्र तो अनुस्वार वेगळ्या वेशात अजून उभा आहे. पोर्तुगीज लेखनपद्धतीत शब्दाच्या शेवटचा ‘एम’ हा ‘म’ नसून आधीचा स्वर नाकातून उच्चारावा अशी खूण असते. त्यामुळे कोकणीतल्या ‘पेडणें’ या नावाचे रोमन लेखन ‘पी-ई-आर-एन-ई-एम’ असे झाले. मराठीने ‘पेडणे’ लिहून अनुस्वार सोडला, कोकणीने तो उच्चारासह ठेवला आणि रोमन पाटीने ‘एम’ जपला. बाहेरून येणारा प्रवासी ती पाटी पाहून ‘पेर्नेम’ म्हणतो, आणि आता इथली काही तरुण मुलेही त्याच्याशी बोलताना तसेच म्हणू लागली आहेत.