पहिलं पाऊल वेगळं, बुटाचा ठसा वेगळा

२० जुलै उजाडला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर करड्या मातीतला, आडव्या खाचांचा तो बुटाचा ठसा हमखास येतो. खाली ओळ ठरलेली: 'आर्मस्ट्राँगचं चंद्रावरचं पहिलं पाऊल.' मी दर वर्षी लिहितो, अहो काका, हा ठसा ऑल्ड्रिनचा आहे. काका हात जोडल्याची इमोजी टाकतात आणि पुढच्या वर्षी तोच फोटो परत पाठवतात.

१९६९ च्या अपोलो ११ मोहिमेत नील आर्मस्ट्राँग आधी उतरला, बझ ऑल्ड्रिन त्यानंतर साधारण १९ मिनिटांनी, हे शाळकरी पोरही सांगेल. घोळ आहे तो चित्रांचा.

पहिल्या पावलाचं जगानं पाहिलेलं चित्र टीव्हीचं. कॅमेरा ईगलच्या, म्हणजे दोघांना चंद्रावर उतरवणाऱ्या यानाच्या, खालच्या भागात बसवलेला; सेकंदाला १० चित्रं, ३२० रेषा. घरोघरच्या टीव्हीला ते चालेना, म्हणून जमिनीवरच्या केंद्रात एका पडद्यावर चित्र दाखवून त्यावर दुसरा कॅमेरा रोखला होता. म्हणजे नकलेची नक्कल. त्यात शिडी ईगलच्या सावलीत. आर्मस्ट्राँग भुतासारखा दिसतो तो यामुळे.

ठशाचा फोटो मात्र हॅसलब्लाड कॅमेऱ्यावर, ७० मिमी फिल्मवर काढलेला. कडा सुरीनं कापल्यासारख्या. आता एवढंच विचारा: आर्मस्ट्राँगनं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा हा हॅसलब्लाड कुठे होता? वर, ईगलमध्ये. कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी एक दोरी होती, तिच्यावरून ऑल्ड्रिननं तो नंतर खाली सोडला. पाऊल आधी पडलं, कॅमेरा मागाहून आला. ऑल्ड्रिनच्या खिडकीत १६ मिमीचा चलचित्र कॅमेरा तेवढा चालू होता. पहिल्या ठशाचा वेगळा फोटो कुणी काढलाच नाही, आणि शिडीखालची ती जागा दोघांनी जाऊन येऊन तुडवली.

मग व्हॉट्सॲपवरचा ठसा? तो चक्क प्रयोग होता. ऑल्ड्रिननं आधी कोऱ्या मातीचा फोटो घेतला, तिच्यावर बूट टेकवला, पाय उचलला आणि पुन्हा फोटो घेतला. माती किती दबते, कडा ढासळतात का, हे अभ्यासकांना हवं होतं. वारा-पाणी नसल्यानं तिथले कण घासून गोल झालेले नाहीत, ते एकमेकांत अडकतात; म्हणून खाच न् खाच उभी राहिली. ऐतिहासिक वगैरे काही मनात नव्हतं, आणि मला तो फोटो त्यामुळेच जास्त आवडतो.

दुसरी चीड सोनेरी काचेच्या हेल्मेटवाल्या फोटोची. मासिकांची मुखपृष्ठंसुद्धा त्याला आर्मस्ट्राँग म्हणतात. तोही ऑल्ड्रिनच. आर्मस्ट्राँग काचेत आहे, इवलासा, छातीवर कॅमेरा लावलेला. बहुतेक वेळ कॅमेरा त्याच्याकडे, मग त्याचा फोटो कोण काढणार? पोशाख दोघांचे सारखे. कमांडरला ओळखायला लाल पट्टे नंतरच्या अपोलो १३ मोहिमेपासून आले. आर्मस्ट्राँगचा त्यातल्या त्यात बरा फोटो ऑल्ड्रिननं भोवतालची चित्रमालिका घेताना टिपला. त्यात तो ईगलपाशी कामात आहे, आपल्याकडे पाठ करून.

आणि आपल्याकडे तेव्हा २० नव्हे, २१ जुलैची सकाळ होती, साडेआठला चार मिनिटं कमी. काका सांगतात, आम्ही दादरला टीव्हीवर लाइव्ह पाहिलं. मुंबईत टीव्ही केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पण हे ग्रुपवर लिहायची माझी छाती नाही.